साबण मागणारी बाई : एमिली हॉबहाऊस

युद्धनौकेला किंवा पाणबुडीला नाव कोणाचं देतात? सेनापतीचं, नदीचं, नाहीतर एखाद्या हिंस्र माशाचं. दक्षिण आफ्रिकेच्या नौदलाने १९७० च्या सुमारास फ्रान्सकडून डाफ्ने जातीच्या तीन पाणबुड्या घेतल्या. (१९७१ च्या युद्धात आपली आयएनएस खुक्री बुडवणारी पाकिस्तानची हंगोर याच जातीची.) त्यातल्या एका पाणबुडीचं नाव ठेवलं एमिली हॉबहाऊस. गंमत अशी की ही बाई दक्षिण आफ्रिकेची नव्हती, ती इंग्रज होती. आणि युद्ध या गोष्टीला तिने जन्मभर विरोध केला. आपल्याच देशाने चालवलेल्या युद्धाला विरोध केला म्हणून तिला एकदा शालीत गुंडाळून, उचलून जहाजावर टाकण्यात आलं होतं. अशा बाईचं नाव टॉर्पेडो सोडणाऱ्या यंत्राला कसं काय मिळालं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एमिलीचा जन्म ९ एप्रिल १८६० चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह या खेड्यातला. वडील तिथले धर्मोपदेशक. भाऊ लिओनार्ड शिकायला ऑक्सफर्डला गेला, पुढे समाजशास्त्राचा मोठा प्राध्यापक झाला. एमिलीचं शिक्षण मात्र बहुतेक घरातच. ती वीस वर्षांची असताना आई गेली आणि त्यानंतरची १४ वर्षं आजारी वडिलांची सेवा आणि गावातल्या गोरगरिबांची विचारपूस यातच गेली. काका लॉर्ड हॉबहाऊस १८७२ ते १८७७ या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होते. उदारमतवादी माणूस. राजकारणाची गोडी तिला त्यांच्याकडून लागली असं म्हणायला हरकत नाही.

१८९५ मध्ये वडील वारले तेव्हा ती जवळजवळ पस्तिशीची होती. हातात ना डिग्री, ना नोकरी. ती सरळ अमेरिकेला मिनेसोटात गेली, तिथल्या खाणींत कॉर्नवॉलहून आलेले मजूर होते त्यांच्यात काम करायला. तिथे एकाशी लग्न ठरलं, मेक्सिकोत जमीन घेतली, पैसे बुडाले आणि लग्नही मोडलं. १८९८ मध्ये ती परत आली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अडतिसाव्या वर्षी बाईचं काहीच धड झालेलं नव्हतं. पुढच्या तीन वर्षांत मात्र सबंध इंग्लंडला तिचं नाव माहीत होणार होतं.

युद्ध कसलं होतं?

दक्षिण आफ्रिकेत डच वंशाचे शेतकरी होते, त्यांना बोअर म्हणत. त्यांची दोन स्वतंत्र प्रजासत्ताकं होती, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. १८८६ मध्ये ट्रान्सवालात सोन्याच्या प्रचंड खाणी सापडल्या आणि तिथेच सगळं बिनसलं. तिथे गेलेल्या परदेशी लोकांना मताचा हक्क मिळत नाही हे भांडणाचं कारण सांगितलं गेलं, पण सोनं आणि साम्राज्य यांचा वाटा काही कमी नव्हता. ११ ऑक्टोबर १८९९ ला युद्ध सुरू झालं. इंग्लंडमध्ये सगळ्यांना वाटलं, नाताळपर्यंत खेळ खलास. प्रत्यक्षात ते अडीच वर्षांहून जास्त चाललं आणि साम्राज्याचे जवळजवळ साडेचार लाख सैनिक त्यात उतरवावे लागले.

सुरुवातीला हे युद्ध इंग्लंडात भलतंच लोकप्रिय होतं, हे लक्षात घ्या. मे १९०० मध्ये मॅफेकिंगचा वेढा उठला तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर वर्ल्ड कप जिंकल्यासारखा धिंगाणा झाला. विरोध करणारे थोडेच. त्यांना प्रो-बोअर म्हणत, म्हणजे शत्रूचे दोस्त. ती शिवीच होती. मँचेस्टर गार्डियन हे वृत्तपत्र युद्धाच्या विरोधात उभं राहिलं आणि त्यापायी वाचक गमावून बसलं. चॉकलेटवाला जॉर्ज कॅडबरी क्वेकर पंथाचा, म्हणजे कोणत्याही युद्धाच्या विरोधातला. त्याने १९०१ मध्ये डेली न्यूज हे वृत्तपत्र विकत घेण्यात पैसे घातले, ते युद्धाविरुद्ध आवाज राहावा म्हणूनच.

युद्ध सुरू झालं तेव्हाच लंडनमध्ये समेटासाठी एक समिती निघाली होती. एमिली तिच्या महिला शाखेची सेक्रेटरी झाली. जून १९०० मध्ये तिने बायकांची मोठी निषेध सभा भरवली. जुलैमध्ये आपल्या जन्मगावाजवळच्या लिस्कर्डला सभा ठेवली. वक्त्यांमध्ये पुढे पंतप्रधान झालेले लॉईड जॉर्ज होते. लोकांनी इतका गोंधळ घातला, की सभा उधळली गेली. गोंधळ घालणाऱ्यांत लहानपणापासून तिला ओळखणारी माणसंही असतीलच. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत निवडणूक झाली आणि युद्धाच्या लाटेवर सरकार पुन्हा निवडून आलं. खाकी निवडणूक म्हणतात ती हीच.

गनिमी कावा आणि छावण्या

जून १९०० मध्ये ट्रान्सवालची राजधानी प्रिटोरिया पडली. कागदावर युद्ध संपलं होतं. पण बोअर लोकांनी गनिमी कावा सुरू केला. घोड्यावरच्या छोट्या टोळ्या येत, रेल्वे उडवत आणि गायब होत. त्यांना दाणापाणी शेतावरच्या घरांतून मिळायचं. गनिमी काव्याचं बळ गावांत आणि शेतांत असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्रिटिश सेनापतींनी, आधी रॉबर्ट्सने आणि मग किचनरने, यावर उपाय काढला तो असा : घरं जाळा, पीक जाळा, जनावरं मारा. सुमारे ३०,००० घरं जाळली गेली. मग घरातल्या बायकामुलांचं काय करायचं? त्यांना छावण्यांत गोळा करायचं. सरकारी भाषेत या निर्वासितांच्या छावण्या होत्या. गोऱ्यांसाठी चाळीसहून जास्त छावण्या होत्या आणि शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांसाठी साठहून जास्त वेगळ्या छावण्या होत्या.

पकडलेल्या बोअर पुरुषांना समुद्रापार पाठवत. त्यातले हजारो हिंदुस्थानात आले आणि काहीजण आपल्या अहमदनगरलाही (आताचं अहिल्यानगर) कैदेत होते. नवरा नगरला आणि बायकापोरं ब्लूमफाँटेनच्या माळावर, अशी त्या काळात कितीतरी घरांची स्थिती असणार.

एमिलीच्या कानावर या गोष्टी तुटक तुटक येत होत्या. वर्तमानपत्रांत बातमी नव्हती. तिने मदतनिधी उभा केला आणि डिसेंबर १९०० मध्ये स्वतःच बोटीत बसली. तिला एकाच छावणीची माहिती होती. केपटाऊनला उतरल्यावर कळलं की अशा कितीतरी आहेत. लष्करी कायदा लागू होता, परवानगीशिवाय कुठे जाता येत नव्हतं. बड्या ओळखी वापरून तिने गव्हर्नर मिल्नरची भेट मिळवली आणि रेल्वेचे दोन डबे मागितले. किचनरने एकच दिला, आणि तोही ब्लूमफाँटेनपर्यंतच. कपडे आणि खाण्याचं सामान भरून ती २४ जानेवारी १९०१ ला तिथे पोचली.

साबणाची गोष्ट

झाड नसलेल्या उघड्या माळावर पांढरे गोल तंबू. सुमारे दोन हजार माणसं, त्यात निम्म्याच्या आसपास मुलं. एकेका तंबूत दहा-बारा जण. (आपण एका रूममध्ये तिघं कोंबले म्हणून रेक्टरकडे जातो.) दिवसा तंबूत भट्टी, पाऊस आला की खालून पाणी. माणसं जमिनीवरच झोपत. नदीचं पाणी गढूळ आणि कमी. ते उकळून प्यावं तर जळण नाही. आणि साबण अजिबात नाही. तिने अधिकाऱ्यांकडे साबण मागितला तर उत्तर मिळालं की साबण ही चैनीची वस्तू आहे.

इथे आपण इंजिनियरिंगवाल्यांनी जरा थांबायला हवं. ज्या सैन्याला छावणीत साबण पुरवता येईना, त्याच सैन्याने याच देशात रेल्वेच्या कडेने सुमारे ८,००० चौक्या उभ्या केल्या. पन्हळी पत्र्याच्या दोन भिंती, मधे खडी. डिझाइन एका इंजिनियर अधिकाऱ्याचं. स्वस्त, झटपट होणारं आणि गोळीला दाद न देणारं. त्या चौक्यांना जोडणारी काटेरी तार हजारो किलोमीटर होती. म्हणजे हुशारी होती, माल होता, रेल्वे होती. साबण आणि उकळलेलं पाणी कोणाच्या यादीतच नव्हतं. गोवर आणि टायफॉइड यांनी मुलं पटापट मरत होती. हट्टाने लढत असलेल्या बोअरांच्या कुटुंबांना तर सुरुवातीला रेशनही कमी दिलं जात होतं.

एमिलीने रडारड केली नाही. ती तंबूतंबूतून फिरली, प्रत्येक बाईची हकीकत लिहून घेतली. घर कधी जाळलं, कुठून आणलं, मुलं किती होती आणि आता किती आहेत. मग यादी केली : साबण हवा, पाणी उकळायला मोठा बॉयलर हवा, नळ हवा, दुभत्या गाईंना चारा हवा. अधिकाऱ्यांच्या मागे लागून लागून तिने थोडा साबण मिळवलाच. तिथले सगळे अधिकारी दुष्ट होते असं तिने कधी म्हटलं नाही. बरेचसे बिचारे गांगरलेले होते, असंच तिचं मत होतं.

पुढे ती आणखी छावण्यांत गेली. नॉर्व्हल्सपाँट, अलिवाल नॉर्थ, स्प्रिंगफाँटेन, किंबर्ली, मॅफेकिंग. काही ठिकाणी व्यवस्था बरी होती, तसंही तिने लिहून ठेवलं. पण ती परत ब्लूमफाँटेनला आली तोवर तिथली संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती. उघड्या वाघिणींतून भरलेल्या गाड्या येतच होत्या. एका डब्याच्या सामानाने काही होणार नाही हे तिच्या ध्यानात आलं. साबणाचा निर्णय आता ब्लूमफाँटेनला होणार नव्हता, लंडनला होणार होता. मे १९०१ मध्ये ती परत निघाली.

लंडन

युद्धमंत्र्याने तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि फारसं काही केलं नाही. विरोधी लिबरल पक्षाचे नेते कॅम्बेल-बॅनरमन यांनीही ऐकून घेतलं. ते तोपर्यंत युद्धाबद्दल गुळमुळीत बोलायचे, कारण पक्षात फूट होती. या भेटीनंतर लगेच, १४ जून १९०१ ला, त्यांनी एका भोजनसमारंभात या पद्धतींना उघड उघड रानटी ठरवलं. देशभर खळबळ उडाली. त्याच महिन्यात एमिलीचा रिपोर्ट छापून खासदारांच्या हातात पडला. तीन दिवसांनी पार्लमेंटमध्ये लॉईड जॉर्जने विषय काढला. मतदानात विरोधक हरले. पण विषय आता झाकता येत नव्हता.

मग ती गावोगाव सभा घेत फिरली. कितीतरी ठिकाणी हॉल मिळेना. कुठे शिव्या, कुठे दगड. वर्तमानपत्रांनी तिला भोळी, आक्रस्ताळी आणि देशद्रोही ठरवलं. सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली बायकांचीच एक चौकशी समिती नेमली. एमिलीला तीत घेतलं नाही. फॉसेटबाई युद्धाच्या बाजूच्या होत्या, त्यामुळे सरकार निर्धास्त होतं. पण फॉसेटबाई प्रामाणिक निघाल्या. त्यांची समिती छावण्यांत फिरली आणि तिने जे मांडलं ते एमिलीच्या रिपोर्टशी जुळणारं होतं.

दरम्यान सरकारी आकडेच बाहेर येऊ लागले. ऑक्टोबर १९०१ मध्ये गोऱ्यांच्या छावण्यांतला वार्षिक मृत्यूदर हजारी ३४४ वर गेला होता. म्हणजे तोच वेग वर्षभर राहिला तर तिघांतला एक मेला असता. या आकड्यांपुढे देशप्रेमाची भाषणं फिकी पडली. जे लोक बोअरांना शत्रू म्हणत होते त्यांनाही चार वर्षांचं पोर शत्रू वाटेना. नोव्हेंबरमध्ये छावण्यांचा कारभार लष्कराकडून काढून मुलकी अधिकाऱ्यांकडे दिला गेला. डॉक्टर, नर्सेस, पाणी, अन्न यात सुधारणा झाली. फेब्रुवारी १९०२ मध्ये तोच दर हजारी ६९ वर आला आणि पुढे २० च्या आसपास. देवाची करणी म्हणून खपवलेले मृत्यू टाळता येण्यासारखे होते, हे सरकारनेच सिद्ध करून दाखवलं.

आणि एमिली? ज्या ऑक्टोबरमध्ये दर सर्वांत वर होता, त्याच महिन्याच्या शेवटी ती पुन्हा केपटाऊनच्या बंदरात होती. तिला उतरूच दिलं नाही. पाच दिवसांनी परत जाणाऱ्या सैनिकी जहाजावर चढायचा हुकूम झाला. तिने चालत जायला नकार दिला. मग तिला शालीत गुंडाळून उचलून नेलं. हीच ती सुरुवातीला सांगितलेली हकीकत.

३१ मे १९०२ ला तह झाला. गोऱ्यांच्या छावण्यांत २७,९२७ माणसं मेली होती, त्यात २२,०७४ सोळा वर्षांखालची मुलं. काळ्या लोकांच्या छावण्यांतले नोंदलेले मृत्यू १४,१५४, पण नोंदीच अर्धवट असल्यामुळे खरा आकडा वीस हजारांच्या वर असावा असं अलीकडचे अभ्यासक मानतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एमिलीला या दुसऱ्या छावण्यांची माहिती होती, त्यांची कोणीतरी चौकशी करावी असं तिने सुचवलंही, पण ती स्वतः तिथे पोचली नाही. तिथला रिपोर्ट लिहायला त्या वेळी कोणीच गेलं नाही, आणि म्हणून त्या लोकांचा आकडाही आज नीट सांगता येत नाही.

१९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने सरकारपक्षाचा धुव्वा उडवला. कारणं बरीच होती, पण ज्या युद्धाने १९०० ची निवडणूक जिंकून दिली होती त्याचं आता कोणी नाव काढत नव्हतं.

नंतरची एमिली

युद्धानंतर ती पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेली. जळालेल्या शेतांत नांगरायला बैल नव्हते, तर तिने जनावरांच्या जोड्या मिळवून दिल्या. १९०५ मध्ये मुलींसाठी सूतकताई आणि विणकामाची शाळा काढली, आणि बघता बघता अशा वीसहून जास्त शाळा झाल्या. चरख्याचा हा कार्यक्रम आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीचा, बरं का.

१६ डिसेंबर १९१३ ला ब्लूमफाँटेनला छावण्यांत मेलेल्या बायकामुलांच्या स्मारकाचं उद्घाटन होतं. तिला मुद्दाम बोलावलं होतं. हृदयाच्या दुखण्यामुळे ती वाटेतूनच परत फिरली, भाषण दुसऱ्याने वाचलं. त्यात तिने बोअरांचे नुसते गोडवे गायले नाहीत. जे हक्क तुम्ही स्वतःसाठी झगडून मिळवलेत ते तुमच्या हाताखालच्या माणसांना नाकारू नका, अशा अर्थाचा इशारा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या लोकांना देशातल्या बहुतेक भागात जमीन घ्यायला बंदी करणारा कायदा झाला होता.

आणि त्याच दिवसांत तिथे गांधीजींचा सत्याग्रह चालू होता. आपले गोखले १९१२ मध्ये तिकडे जाऊन आले होते, तीन पौंडांचा जाचक कर रद्द होईल अशी त्यांची समजूत होती, आणि तो झाला नव्हता. बोअर युद्धात गांधीजींनी ब्रिटिश प्रजाजन म्हणून इंग्रजांच्या बाजूने सुमारे अकराशे हिंदी लोकांचं जखमी वाहणारं पथक काढलं होतं. म्हणजे तेव्हा दोघं दोन बाजूंना होते. पण आता एमिलीने जनरल स्मट्सना पत्र लिहून समझोत्यासाठी गळ घातली. स्मट्स तिला मानत. १९१४ मध्ये समझोता झाला, कर रद्द झाला. त्यात तिचाही खारीचा वाटा होता.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि बाईने पुन्हा तेच केलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बायकांना ब्रिटिश बायकांनी शांततेचं खुलं पत्र पाठवलं, ते तिच्या पुढाकाराने. १९१६ मध्ये तर ती थेट बर्लिनला जाऊन जर्मन परराष्ट्रमंत्र्याला भेटून आली. इंग्लंडात पुन्हा देशद्रोही म्हणून ओरड. युद्ध संपल्यावर तिने लायपझिगमध्ये उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. एका अर्थी ती शेवटपर्यंत मेस कमिटीचंच काम करत होती.

तिच्याजवळ पैसा उरला नव्हता. हे कळल्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी वर्गणी काढून तिला कॉर्नवॉलमध्ये समुद्रकाठी घर घेऊन दिलं. ८ जून १९२६ ला ती लंडनमध्ये वारली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. तिच्या अस्थी मात्र ब्लूमफाँटेनला नेऊन त्याच स्मारकाच्या पायथ्याशी सन्मानाने ठेवल्या गेल्या.

मग ती पाणबुडी? ती वर्णभेदी राजवटीने पाण्यात सोडली. तिने आमच्या बायकामुलांना वाचवलं एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं आणि १९१३ चा इशारा सोयीस्करपणे विसरले. वर्णभेद संपल्यावर १९९९ मध्ये त्या पाणबुडीचं नाव बदलून उमखोंतो, म्हणजे भाला, असं ठेवलं. मला वाटतं एमिलीला या बदलाचं वाईट वाटलं नसतं.

आपण सगळे रिपोर्ट लिहितो. बरेचसे सीनियरच्या फाइलवरून उतरवतो आणि रीडिंग आधी उत्तर ठरवून घेतो. एमिलीचा रिपोर्ट कोणी सांगितला नव्हता, मार्क मिळणार नव्हते, आणि उत्तर तर तिच्या देशातल्या कोणालाच नको होतं. ती तंबूत गेली, जे दिसलं ते लिहिलं, जिथे बरं दिसलं तेही लिहिलं आणि परत येऊन सही करून दिलं. पुढच्या वेळी कुठे युद्ध सुरू झालं आणि टीव्हीसमोर कॉमन रूममध्ये टाळ्या पडायला लागल्या, तर एवढंच विचारून बघू या, की तिकडच्या माळावर साबण पोचला का?